पाच डोलकाठ्या आणि एक साडू

वारा एका वेळी एकाच दिशेनं वाहतो, हे समजायला मला वयाची चौपन्न वर्षं लागली. आणि समजलं तेही कुठं समुद्रावर नाही, तर नेरूळच्या आमच्या फ्लॅटमध्ये, रविवारी दुपारी, मांडीवर श्रीखंडपुरीचं ताट आणि समोर सगळं सासर असताना.

ताटं मांडीवर होती कारण डायनिंग टेबलवर जहाज होतं. पाच डोलकाठ्यांचं, दीड मीटर लांबीचं, मी स्वतःच्या हातानं केलेलं. चार दिवसांनी ते बेलापूरला पोचवायचं होतं. एकदा गेलं की गेलं, म्हणून घरच्यांना दाखवायला ते गाळ्यातून टेम्पोनं घरी आणलं होतं. नंदाला, म्हणजे बायकोला, मी सांगितलं होतं की साधंच जेवण ठेव, चार माणसं येतील. त्या चार माणसांत वसंतराव यावेत ही माझी मनापासूनची इच्छा होती. वसंतराव म्हणजे माझे साडू, नंदाच्या ताईचे यजमान. जन्मभर मर्चंट नेव्हीत होते. त्यांनी हे जहाज बघावं आणि गप्प व्हावं, एवढंच मला हवं होतं.

ते गप्प झाले, पण थोडा वेळच. श्रीखंड अर्धं टाकून उठले, हात धुतले, चष्मा लावला आणि जहाजाला एक प्रदक्षिणा घातली.

"प्रकाशराव, वारा कुठून धरलाय?"

"मागून. शिडं फुगलीत बघा की."

"हो, शिडं पुढं फुगलीत." मग जरा थांबून ते म्हणाले, "आणि झेंडे मागं उडतायत."

सासूबाईंनी शिडांकडे पाहिलं, झेंड्यांकडे पाहिलं, आणि शेवटी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

ज्यांचा समुद्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाचं जहाज वारा कापत पुढं जातं, त्यामुळे त्याचा झेंडा मागं फडकतो. शिडाच्या जहाजाला वाराच मागून ढकलत असतो, तो जहाजापेक्षा जोरात पळतो, म्हणून झेंडा पुढच्या बाजूला उडतो. यात अवघड काही नाही. शाळेतलं पोरगंही सांगेल, पण त्यानं आधी तीस वर्षं कंटेनर जहाजांवर मागं उडणारे झेंडे चिकटवलेले नसावेत. माझा हात सवयीनं गेला. शिडं एका वाऱ्यात आणि झेंडे दुसऱ्या वाऱ्यात, असं जगातलं पहिलं जहाज मी बांधून ठेवलं होतं.

माझा धंदा जहाजांची मॉडेल्स करण्याचा. तुर्भ्याला एमआयडीसीत माझा गाळा आहे. एका बाजूला पॅकिंगचे खोके बनवणारा, दुसऱ्या बाजूला लोणच्याचा कारखाना, आणि मध्ये मी. माझ्या बोटींना वर्षानुवर्षं मेथीचा वास येतो. माझं गाव माण तालुक्यात. तिथं पाणी बघायचं तर विहिरीत वाकावं लागतं, आणि वाकल्यावर दिसेलच असंही नाही. असा माणूस जहाजं का करतो, असं लोक विचारतात. मॉडेल करायला पाणी लागत नाही, असं मी सांगतो.

शिपिंग कंपन्यांच्या ऑफिसात शिरलं की काचेच्या पेटीत जहाज ठेवलेलं असतं, ते आमचं काम. कंपनी मूळ जहाजाचे नकाशे देते, आपण ते शंभरात एक किंवा दोनशेत एक मापानं उतरवायचे. सांगाडा लाकडाचा, कठडे पितळेच्या तारेचे, बाकी फायबर, पत्रा आणि चिकाटी. सगळ्यात जास्त वेळ रंगाला जातो, कारण नवं जहाज खोटं दिसतं. थोडा गंज रंगवला की ते खरं वाटतं. अडचण अशी की गंज मालकाला चालत नाही.

मालक हा स्वतंत्र विषय आहे. एका मालकानं सांगितलं होतं, माझ्या जहाजावर सगळे कंटेनर माझ्याच कंपनीच्या रंगाचे दाखवा. मी म्हटलं, साहेब, तुमच्या जहाजावर दहा कंपन्यांचे डबे असतात. ते म्हणाले, ऑफिसात तरी नकोत. दुसऱ्या एका कंपनीत दोन भागीदार समोरासमोरच्या केबिनमध्ये बसायचे. त्यांना वास्तुवाल्यानं सांगितलं की जहाजाचं तोंड ऑफिसच्या आत हवं, बाहेर असलं तर लक्ष्मी बाहेर जाते. आत म्हणजे कुणाच्या केबिनकडे, यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. रोज सकाळी शिपाई पेटी एका बाजूला फिरवायचा आणि जेवणाच्या सुट्टीनंतर दुसऱ्या बाजूला. शेवटी मी त्यांना आणखी एक जहाज करून दिलं. दोघांचं समाधान झालं, माझंही झालं.

या सगळ्या पेट्यांवर पितळी पाटी असते. पाटीवर जहाजाचं नाव, वजन, मालकाचं नाव. बनवणाऱ्याचं नसतं. मी ते तळाला पेन्सिलनं लिहून ठेवतो, जिथं ते फक्त झुरळांना वाचता येतं.

आता वसंतरावांकडे येतो. खरं तर मी त्यांच्याकडून कधी लांब गेलोच नाही. ते दाभोळकडचे. जहाजावर बोसन होते. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम: दोर, साखळ्या, रंगकाम, सगळं त्याच्या हाताखाली. आमच्या लग्नात ते सुट्टीवर आले होते, आणि आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये माझ्यापेक्षा त्यांचे फोटो जास्त आहेत. दर सुट्टीत ते सासरी साबण, चॉकलेटं आणि गोष्टी आणायचे. साबण आणि चॉकलेटं संपायची, गोष्टी उरायच्या. बारसं असो की साखरपुडा, पंगत उठली की कुणीतरी म्हणणार, "भावोजी, ते डोलकाठीवर चढलेलं सांगा ना." मग ते सांगायचे. आजही पाच डोलकाठ्यांचं एक शिडाचं जहाज प्रवासी घेऊन फिरतं, त्यावर त्यांनी काही काळ नोकरी केली होती. वर चढल्यावर खालचं डेक पाटासारखं दिसतं, असं ते सांगायचे आणि हातानं पाट दाखवायचे. नंदा ती गोष्ट दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकायची. माझ्या गोष्टी तिनं पहिल्यांदाही तशा ऐकल्या नाहीत.

माझी समुद्राची गोष्ट एकच आहे. मांडव्याच्या लाँचमध्ये मला उलटी झाली.

शिवाय उलवे. तिकडे धड रस्ता नव्हता, पाण्याला टँकर होता, तेव्हा वसंतरावांनी तिथं फ्लॅट घेतला. मी हसलो होतो, आणि मनात नाही, तोंडावर हसलो होतो. आता शेजारी विमानतळ आला, भाव चढले, आणि त्यांच्या गॅलरीतून विमानं दिसतात. मी त्यांच्याकडे गेलो की हॉलमध्येच बसतो.

असं असताना बेलापूरच्या एका नौकानयन प्रशिक्षण संस्थेचे प्राचार्य माझ्या गाळ्यावर आले. निवृत्त कॅप्टन, पांढरा शर्ट, कडक इस्त्री, आणि नजर अशी की मी उगाचच खुर्ची पुसली. त्यांना सभागृहासाठी जगातल्या सर्वांत मोठ्या शिडाच्या जहाजाचं मॉडेल हवं होतं. पोरांना कळू दे, म्हणाले, की इंजिनाआधी माणसं काय करत होती.

सर्वांत मोठं म्हणजे कोणतं, यावर आमचा तासभर वाद झाला. वाद म्हणजे ते बोलले, मी चहा मागवला. अमेरिकेत सात डोलकाठ्यांचं एक जहाज होऊन गेलं. फ्रेंचांचं एक आकारानं सगळ्यांत मोठं, पण त्याच्या पाचव्या डोलकाठीवर आडवी शिडं नव्हती. पाचही डोलकाठ्यांवर खालपासून वरपर्यंत आडवी शिडं असलेलं मालवाहू जहाज एकच झालं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत बांधलेलं 'प्रॉयसेन'. पूर्ण पोलादी. दक्षिण अमेरिकेला वळसा घालून खताचा कच्चा माल आणायचं. कॅप्टनसाहेबांचं मन त्याच्यावर बसलं होतं.

त्याचा शेवट त्यांनी मला उभं राहून सांगितला. इंग्लंडजवळच्या खाडीत एका आगबोटीनं त्याच्या पुढून आडवं जायचं ठरवलं. शिडाचं जहाज, येऊन येऊन किती वेगानं येणार, असा तिचा अंदाज. ते चांगलंच वेगानं येत होतं. धडकेत त्याचा पुढचा भाग मोडला, आणि मग वादळानं त्याला किनाऱ्याच्या खडकांवर नेऊन टाकलं. मी ही गोष्ट घरी सांगितली तेव्हा नंदा कणीक मळत होती. ती म्हणाली, "त्या आगबोटीचा कॅप्टन तुमच्या माणकडचा असणार." मग म्हणाली, "भावोजींना विचारून करा हो. त्यांनी तसलं जहाज चालवलंय."

भावोजींना मी विचारणार नव्हतो. कारण जाताना कॅप्टनसाहेब एक गोष्ट बोलून गेले होते. आमच्याकडे पाटीवर करणाऱ्याचं नाव असतं. पण आधी मी स्वतः तपासतो. चूक असेल तर जहाज घेतो, नाव लावत नाही.

तीस वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. मोठ्यांतल्या मोठ्या जहाजाखाली, पितळेवर, माझं नाव. आणि वसंतरावांना विचारलं असतं तर पुढच्या प्रत्येक बारशात काय ऐकू आलं असतं ते मला माहीत होतं: भावोजींनी सांगितलं म्हणून यांना जमलं. म्हणून सहा महिने मी एकट्यानं, पुस्तकांतले फोटो भिंगातून बघत, ते जहाज केलं. शिडं मलमलीची, खळ लावून फुगवलेली. दोऱ्या इतक्या की त्या बांधताना मला स्वप्नात नाड्या दिसायच्या. आणि मग तो रविवार आला.

वसंतराव जाताना म्हणाले, "मी येऊ का गाळ्यावर? झेंडे फिरवायला फार वेळ नाही लागायचा."

मी म्हटलं, "नको, त्यात काय आहे."

त्यात बरंच काही होतं, ते सोमवारी कळलं. झेंडे तांब्याच्या पातळ पत्र्याचे, आणि ते ज्या दोऱ्याला चिकटलेले तो दोरा डोलकाठीच्या टोकाशी अडकवलेला. चार झेंडे नीट फिरले. मधल्या डोलकाठीचा झेंडा हलेना, म्हणून मी जरा जोर लावला. टोक वाकलं आणि दोर तुटला. शिडाच्या जहाजाचं असं असतं की एका दोरावर दुसरा तोलून धरलेला असतो. तो तुटला तसा शेजारचा सैल पडला, त्याच्या शेजारचा ताणला, आणि वरच्या आडव्या काठ्या तिरक्या झाल्या. मी एक ओढायचो, दोन ढिल्या व्हायच्या. संध्याकाळपर्यंत मधली डोलकाठी दुपारची झोप मोडल्यासारखी उभी होती. पेटी गुरुवारी सकाळी जायची होती.

मी उलव्याला फोन लावला. ताईंनी उचलला आणि म्हणाल्या, "थांबा, ते इथंच बसलेत." फोनजवळच बसले होते, हेही मला आवडलं नाही.

मंगळवारी सकाळी वसंतराव डबा घेऊन गाळ्यावर आले. स्टूल ओढून जहाजासमोर बसले आणि दोन्ही हात काखेत घालून ठेवले. मी चिमटा पुढं केला. त्यांनी मान हलवली.

"तुमचं जहाज आहे. दुसऱ्याच्या जहाजावर बोसन दोराला हात लावत नाही. मी सांगतो, तुम्ही ओढा."

मला राग आला. हात लावला असता तर निदान मनातल्या मनात नावं ठेवायला काहीतरी मिळालं असतं. पण बोसन तो बोसन. नजर जहाजावर, आवाज खालचा. आधी सगळे सोडा. भीती वाटते, तरी सोडा. आता पुढचा घ्या, थोडाच. आता मागचा, तेवढाच. डावा. उजवा. परत पुढचा. एकाच दोराला सगळं काम सांगू नका, प्रकाशराव, तो रुसतो. मी ओढत होतो आणि माझ्या डोळ्यांदेखत डोलकाठी सरळ होत होती. जेवणाच्या वेळेपर्यंत निम्म्या काठ्या ओळीत आल्या.

डबा खाताना मी सहज म्हणून विचारलं, त्या तुमच्या जहाजावर एवढी शिडं उघडायला किती माणसं लागायची.

"बटण होतं," ते म्हणाले.

"बटण?"

"मोटारी लावल्यात आता. बटण दाबलं की शीड काठीतून बाहेर येतं. दोर ओढायचे, पण जुन्या काळासारखं नाही."

"मग तुम्ही वर चढायचात ते?"

"चढायचो की. प्रवाशांना पट्टे बांधून वर न्यायचो. त्यांना फोटो काढायचे असायचे."

एवढी वर्षं ज्या गोष्टीनं माझं जेवण बिघडवलं, ती फोटो काढायची होती. मला इतका आनंद झाला की मी चहाबरोबर भजीही मागवली. आनंद भजी येईपर्यंत टिकला. कारण वसंतराव जहाजाकडे बघत पुढं बोलले, आणि ते कुणाला सांगत असल्यासारखे बोलत नव्हते.

"पण इंजिन बंद केलं ना, की दोन मिनिटं काहीच कळत नाही. आयुष्यभर पायाखाली ती थरथर असते, ती गेलेली असते. मग पाणी ऐकू येतं. आणि डेकवरची सगळी माणसं आपोआप हळू बोलायला लागतात. कुणी सांगत नाही."

ही गोष्ट त्यांनी कधी पंगतीत सांगितली नव्हती. मी भजं हातात धरून बसलो. फोटोंबद्दलचा आनंद गेला आणि त्याच्या जागी पहिल्यापेक्षा मोठा हेवा येऊन बसला. डोलकाठीवर चढणं मला कधीच जमणार नव्हतं, त्यामुळे त्याचं एवढं वाईट वाटलं नव्हतं. पण नुसतं उभं राहून ऐकणं मला जमलं असतं.

संध्याकाळी शेवटचा झेंडा पुढच्या दिशेला वळला. वसंतराव उठले, काखेतले हात काढले, रिकामा डबा घेतला आणि बस पकडायला गेले. जहाजाला त्यांनी दिवसभरात एकदाही हात लावला नव्हता. डबा मात्र स्वतः धुतला.

गुरुवारी संस्थेच्या सभागृहात कॅप्टनसाहेबांनी तपासणी सुरू केली. मुलं रांगेत उभी, नंदा आणि ताई पहिल्या ओळीत, वसंतराव मागं खांबाशी, हातात वेफर्सची कागदी प्लेट. पाटी एका शिपायाच्या हातात लाल कापडाखाली होती. नाव कोरलेलं होतं, पण स्क्रू लागायचे होते. कॅप्टनसाहेब बॅटरी घेऊन पुढून मागं गेले, मागून पुढं आले. मधल्या डोलकाठीशी थांबले.

"झेंडे," ते म्हणाले. मग मुलांकडे वळले. "हे बघा. शिडाच्या जहाजाचं मॉडेल करणारे निम्मे लोक इथं चुकतात. झेंडे मागं उडवतात. यांनी वारा बरोबर धरलाय." आणि मला विचारलं, "तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

खरं सांगतो, मी तोंड उघडलं होतं. वसंतरावांचं नाव माझ्या जिभेवर होतं. आदल्या रात्री मी ठरवूनच ठेवलं होतं की कुणी विचारलंच तर मोठ्या मनानं सांगायचं. सगळ्यांसमोर, नंदासमोर. तीस वर्षांत एकदा तरी आपण त्यांच्यापेक्षा मोठं दिसायचं.

तेवढ्यात मागून खांबाजवळून आवाज आला. "त्यांना कोण सांगणार, साहेब? जन्म गेलाय त्यांचा यात."

सभागृहात टाळ्या पडल्या. शिपायानं पाटी लावली, चार स्क्रू पिळले. पितळेवर माझं नाव चकाकत होतं आणि मी हसत होतो. पण आत असं वाटत होतं की माझ्या हातातला शेवटचा पेढाही त्या माणसानं मलाच भरवला. मला उदार व्हायची संधीसुद्धा त्यानं ठेवली नाही. जाताना वसंतराव पाटीपाशी थांबले, रुमालानं तिच्यावरचा बोटांचा ठसा पुसला, आणि निघून गेले.

घरी येताना आम्ही पाम बीच रोडनं स्कूटरवर होतो. डावीकडे खाडी, मागं नंदा, तिचा पदर मागं उडत होता, इंजिनाच्या जहाजासारखा. मी वाऱ्याशी भांडत मोठ्यानं बोलत होतो. एवढा चांगुलपणा माणसाकडे येतो कुठून, मला तो सहन होत नाही, त्यांनी निदान एकदा तरी माझ्यावर जळावं, असं काहीतरी. सारसोळेच्या वळणावर मी वेग कमी केला तेव्हा तिनं सांगितलं, "रविवारी घरी गेल्यावर भावोजी जेवले नव्हते. ताईनं रात्री मला फोन केला होता. म्हणत होते, मी जन्मभर जहाजं धुतली, रंगवली, एकावर माझं नाव नाही. आणि ज्याला लाँचमध्ये उलटी होते त्याची पितळी पाटी लागणार, असं. नाहीतर हातातलं श्रीखंड टाकून झेंडे कोण बघतं?"

मी स्कूटर बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागं वळलो. हे रविवारीच का नाही सांगितलंस, असं विचारलं.

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तुम्ही खूश होऊन झेंडे तसेच ठेवले असते."